कुत्रं आणि बर्फ : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की मनालीची, काश्मीरची बुकिंगं सुरू होतात आणि कुत्रं पाळणाऱ्या घरांतून तेच ते प्रश्न यायला लागतात. न्यावं का, कसं न्यावं, बर्फात सोडलं तर काय करेल, आजारी पडेल का. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत एकच आहे आणि ते प्रत्येक उत्तरात दिसेल: बर्फ बघायची हौस आपली असते. कुत्र्याला तो आवडला तर आनंदच आहे, पण किती खेळायचं आणि कधी थांबायचं हे त्याचं अंग सांगतं. आपलं फिरायचं वेळापत्रक ते ठरवत नाही.

१. बर्फ दिसला की कुत्री अशी अंगात आल्यासारखी का पळतात?

याचं एकच ठाम कारण नाही. पण बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळून येतात.

पहिली गोष्ट गारव्याची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतो. कोल्हापुरात मार्चनंतर सकाळी आठलाही तो दहा मिनिटं पळला की जीभ बाहेर काढून बसतो. बर्फाळ हवेत तोच कुत्रा तेवढ्याच जोरात कितीतरी जास्त वेळ पळू शकतो, कारण अंग तापतच नाही. दुसरी गोष्ट नवेपणाची. पायाखालची जमीन मऊ आहे, दबते आहे, उकरली की उडते आहे, तोंडात घेतली की विरघळते आहे. आणि तिसरी गोष्ट आपणच. घरातली माणसं ओरडतायत, हसतायत, गोळे फेकतायत म्हटल्यावर तो शांत कसा बसेल?

वारं प्यालेल्या वासरासारखी शेपूट खाली घेऊन गोल गोल धाव मारणं, याला कुत्रेवाले ‘झूमीज’ म्हणतात. घरी आंघोळीनंतरही तुम्ही हे पाहिलं असेल. पुढचे पाय पसरून छाती खाली आणि मागचं अंग वर अशी पोझ घेतली तर ते खेळाचं आमंत्रण आहे. मार्क बेकॉफ या अमेरिकी शास्त्रज्ञानं कुत्री, लांडगे आणि कोयोटी (अमेरिकेतलं लांडग्याच्या जातीचं लहान जनावर) यांच्यातल्या या वाकण्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. ‘आता जे करतोय ते खेळ म्हणून करतोय’ हे सांगायला ही जनावरं ती खूण वापरतात.

२. आमच्या कुत्र्यानं जन्मात बर्फ बघितला नाही. पहिल्यांदा सोडल्यावर नेमकं काय करेल?

बहुतेक कुत्री आधी थबकतात. गाडीतून उतरताना पुढचा एक पंजा बर्फात जातो, अपेक्षेपेक्षा खोल जातो, आणि तो लगेच वर उचलला जातो. मग तो पंजा हवेतच ठेवून कुत्रं तुमच्याकडे बघतं. नाक खाली नेतं, जोरात हुंगतं, हुंगताना बर्फाचे कण नाकात जातात आणि शिंक येते. मग एक चाटण. मग दुसरा पंजा. यानंतर जे होतं त्यात कुत्र्याकुत्र्यांत फरक पडतो. कुणी नांगरासारखं नाक घालून सरळ चालत सुटतं, कुणी पाठीवर लोळतं, कुणी एकाच जागी उकरत बसतं, आणि कुणी सरळ गाडीकडे वळतं.

पहिली पाच मिनिटं तुम्ही काही करू नका. ओढू नका, उचलून बर्फात टाकू नका, अंगावर गोळे मारू नका. मोबाईल सुरू करून ‘जा, जा’ म्हणत ढकललेल्या कुत्र्याला बर्फाची धास्ती बसते आणि ती सहलभर जात नाही.

३. महाबळेश्वरला बर्फ पडतो ना? मग एवढ्या लांब कशाला जायचं?

तो बर्फ पडत नाही, दव गोठतं. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या कडक पहाटे वेण्णा लेकच्या आसपास आणि लिंगमळ्यात गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. ऊन आलं की तासाभरात गेला. कुत्र्याला खेळायला त्यात काही नसतं. थंड हवेत मनसोक्त फिरवायचं असेल तर पन्हाळा किंवा मसाई पठारावरची जानेवारीतली सकाळ त्याहून चांगली आणि जवळची. खरा हिमवर्षाव महाराष्ट्रात कुठेही होत नाही.

४. वळवाच्या गारा पडायला लागल्या की आमचं कुत्रं कॉटखाली शिरतं. बर्फालाही घाबरेल का?

तसं काही नाही. गारांच्या वेळी त्याला भीती असते ती आवाजाची: विजेचा कडकडाट, पत्र्यावरचा मारा, वाऱ्यानं आपटणारी दारं. बर्फ पडताना आवाज जवळजवळ होत नाही. गारांना घाबरणारी कुत्री बर्फात बिनधास्त खेळतात. मात्र जे कुत्रं एकूणच नव्या जागेला, नव्या माणसांना बिचकतं, ते तिथंही बिचकेल. त्याच्यासाठी प्रश्न १५ वाचा.

५. अनवाणी पायांनी बर्फावर चालतात, पाय गोठत नाहीत का?

लवकर गोठत नाहीत, आणि त्याची रचना फार सुंदर आहे. पंजाच्या गादीत गरम रक्त आणणाऱ्या धमन्यांना अगदी चिकटून, त्यांच्याभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. गादीतून परत निघालेलं थंड रक्त या जाळ्यातून जाताना शेजारच्या धमनीतली ऊब घेतं आणि कोमट होऊनच शरीरात परततं. त्यामुळे पाय थंड राहिले तरी अंगातली ऊब टिकते. जपानमधले हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. शिवाय गादीत चरबी भरपूर असते आणि ती सहज गोठत नाही.

पण ‘लवकर गोठत नाहीत’ म्हणजे ‘गोठतच नाहीत’ असं नाही. खूप वेळ उभं राहणं, ओला बर्फ, बोटांत अडकलेले गोळे (प्रश्न १०) यांनी पंजा दुखावतोच. कानाची टोकं, शेपटीचं टोक आणि बोटं ही हिमदंशाची नेहमीची ठिकाणं. तिथली कातडी आधी फिकट किंवा निळसर पडते, ऊब मिळाल्यावर लाल होऊन सुजते. अशी जागा कधीही चोळू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

६. कुठल्या जातीला बर्फ झेपतो आणि कुठल्या नाही?

जातीपेक्षा केस बघा. बोटांनी केस उलटे करा. वरच्या राठ केसांखाली लोकरीसारखा मऊ दाट थर लागला तर कुत्रं दुहेरी केसांचं आहे: जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर, हस्की. यांना थंडी बऱ्यापैकी सोसते. लगेच कातडी दिसली तर थंडी थेट अंगाला लागणार.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ते थेट मुधोळपर्यंत हे कुत्रं घरोघरी आहे आणि त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली. भारतीय टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यातलं एक मुधोळ हाउंडचं होतं. पण हे कुत्रं माळरानावर सशामागं धावायला घडलंय. अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ, पाय लांब. बर्फात ते पहिली पाच-सात मिनिटं असं काही पळतं की बघणारे थक्क होतात, आणि पळणं थांबलं की लगेच कुडकुडायला लागतं. कारवान, पश्मी (कारवानचाच लांब केसांचा प्रकार), डॉबरमन, बॉक्सर आणि आपलं गावठी कुत्रं यांना स्वेटरशिवाय बर्फात उतरवू नका. डॅशुंडची अडचण वेगळी: पाय एवढे आखूड की पोटच बर्फाला घासतं.

पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या चपट्या नाकांना विरळ हवेत श्वास पुरत नाही. यांना फार उंचावर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

७. कुठे, कधी आणि किती उंचीपर्यंत न्यावं?

डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा हिमाचलात बर्फाचा खात्रीचा काळ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, मनाली दोन हजारांच्या आसपास. अटल बोगद्याची दोन्ही तोंडं तीन हजारांच्या वर आणि रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बोगदा खुला झाल्यापासून मनालीत नाश्ता करून थोड्या वेळात लाहौलमध्ये उतरता येतं. हीच सोय कुत्र्याच्या बाबतीत घातक ठरते. चढ अंगवळणी पडायला वेळच मिळत नाही.

विरळ हवा कुत्र्यालाही लागते. बसल्या जागी धाप, मलूलपणा, उलटी, खाण्यावरून मन उडणं ही लक्षणं. मनालीत किंवा तेवढ्याच उंचीवर दोन रात्री काढा, तिथं भोवताली बर्फ असेल तर तिथंच खेळवा, आणि वर जायची गरजच नाही असं ठरलं तर फारच उत्तम. लक्षणं दिसली तर खाली उतरा, उपाय तोच. उंचावरच्या विरळ हवेच्या त्रासासाठी माणसं घेतात त्या गोळ्या किंवा पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांतलं काहीही स्वतःच्या मनानं देऊ नका. वेदनेच्या या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात.

८. कोल्हापुरातून न्यायचं कसं? रेल्वेत घेतात का?

घेतात. पण सोबत ठेवायचं असेल तर फक्त फर्स्ट एसीत, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये परवानगी नाही. त्यामुळे फर्स्ट एसीचा डबा असलेली गाडी निवडा, कूपे मिळण्यासाठी आधी अर्ज द्या आणि प्रवासाच्या दिवशी दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात जाऊन कुत्र्याचं भाडं भरा. रेबीजच्या लसीची नोंद आणि प्रवासाआधी एक-दोन दिवसांत घेतलेला डॉक्टरांचा फिटनेस दाखला जवळ हवा. दुसरी सोय गार्डच्या डब्यातल्या पेटीची. एवढ्या लांबच्या प्रवासाला, एकटं, अंधारात, अनोळखी आवाजांत. मी ती कुणालाही सुचवत नाही.

स्वतःच्या गाडीनं गेलात तर दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. दोन-तीन तासांनी उतरवा, पाणी पाजा, निघायच्या आधी पोट भरून खाऊ घालू नका. ज्या कुत्र्याला कळंब्यापर्यंत जातानाही गाडी लागते, त्याला हा प्रवास शिक्षा आहे. त्याला घरी कुणाकडे तरी प्रेमानं ठेवा.

९. एका वेळी किती खेळू द्यायचं? थंडी बाधतेय हे कसं ओळखायचं?

दाट केसांच्या निरोगी कुत्र्याला पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, आखूड केसांच्या कुत्र्याला त्याच्या निम्मी. मग आत, कोरडं करून, ऊब देऊन, वाटलं तर पुन्हा बाहेर. हवा कोरडी आणि ऊन असेल तर थोडं जास्त चालतं. वारा असेल किंवा बर्फ ओला असेल तर कमी. ओलं अंग आणि वारा हे सगळ्यात वाईट.

लक्षणं क्रमानं सांगतो. आधी खेळात खंड पडतो: कुत्रं थांबतं, तुमच्याकडे बघतं, एकेक पंजा आलटून पालटून उचलतं. मग पाठ वाकवून शेपूट पोटाशी घेतं. मग थरथर. इथपर्यंत आलं की लगेच आत घ्या. यानंतर थरथर थांबते, आणि नेमकं इथेच माणसं फसतात. ‘बघ, सवय झाली’ म्हणतात. थरथर थांबली आणि कुत्रं सुस्त, अडखळत चालणारं, हिरड्या फिक्या पडलेलं दिसलं तर अंगातली ऊब संपत चालली आहे.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ९९ च्या खाली गेलं तर डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर भेटेपर्यंत ओला स्वेटर काढा, टॉवेलनं टिपून कोरडं करा, चादरीत गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीपोटाजवळ ठेवा. गरम पाण्यानं आंघोळ नाही, हीटरच्या तोंडाशी नेणं नाही, हेअर ड्रायरचा झोत नाही. ऊब हळूहळूच परत यायला हवी.

१०. आमची कॉकर आहे. कुणीतरी सांगितलं की केसांत बर्फाचे गोळे होतात. खरं आहे का?

अगदी खरं. कॉकर, ल्हासा, शिह त्झू, गोल्डन, पामेरियन, सगळ्यांनाच हा त्रास. बोटांच्या मधल्या केसांना अंगाच्या उबेनं बर्फ चिकटतो, थोडा वितळतो, पुन्हा गोठतो, त्याला आणखी चिकटतो. बघता बघता लिंबाएवढा टणक गोळा होतो आणि बोटं फाकतात. कॉकर अचानक बसून पंजा चावायला लागली, तीन पायांवर चालायला लागली तर आधी पंजा उलटा करून बघा. पोटाखाली, मांड्यांना आणि कानांच्या झालरीलाही असेच मणी लटकतात.

ओढून काढू नका, केसासकट कातडी ओढली जाते. कोमट पाण्याच्या मगात पंजा बुडवा, गोळा सुटतो. मग बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसा. ओल राहिली तर परत आल्यावर बुरशी होते. निघायच्या आधी ग्रूमरकडून गादीच्या बाजूचे जादा केस कापून घ्या आणि बाहेर पडताना व्हॅसलीनचा पातळ थर लावा. अंगाचे केस मात्र कापू नका, तीच तिची रजई आहे.

११. स्वेटर आणि बूट घ्यावेत का?

स्वेटर कुणाला लागतो ते प्रश्न ६ मध्ये आहे. छाती आणि पोट झाकणारा, काखेत न घासणारा घ्या, आणि दोन घ्या, कारण ओला झालेला स्वेटर न घातल्यापेक्षा वाईट. बूट चांगलेच, पण तिथं जाऊन पहिल्यांदा घातले तर कुत्रं पाय झाडत उभं राहील. महिनाभर आधी घरात रोज थोडा वेळ घालून सवय करा.

१२. बर्फ खात सुटतो. पोट बिघडेल का? घसा धरेल का?

ताज्या स्वच्छ बर्फाचे चार घास खाल्ले तर काही होत नाही. घसा धरतो ही आपली समजूत. फार खाल्ला तर उलटी-जुलाब होतात आणि अंग आतून गार पडतं. मुळात तो बर्फ खातो ते अनेकदा तहान लागली म्हणून. बर्फात खेळतानाही अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे थर्मासमधून कोमट पाणी न्या आणि मधून मधून पाजा.

धोका आहे तो रस्त्याकडेच्या बर्फाचा. पार्किंगमध्ये गाड्यांतून सांडलेल्या कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, म्हणून कुत्री ते चाटतात, आणि थोड्या प्रमाणातही त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. चाटलं अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी बर्फाखाली मक्याची कणसं, चॉकलेटचे कागद, फुटक्या बाटल्याही असतात.

१३. थंडीत दोन थेंब ब्रँडी द्यावी म्हणतात. द्यावी का?

नाही. एक थेंबही नाही. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब आल्यासारखं वाटतं आणि अंगातली खरी ऊब भराभर बाहेर जाते. वर कुत्र्याच्या शरीराला दारू पचत नाही. पाच-सात किलोच्या कुत्र्याला चमचाभरसुद्धा महागात पडू शकते. ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून देतात’ असं प्रेमानं सांगणारी माणसं मला वर्षानुवर्षं भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण कुत्रं वाचवायचं असेल तर हे थांबायला हवं. कोमट पाणी, कोमट भात-चिकन, कोरडं अंथरूण. याहून जास्त काही लागत नाही.

१४. माझा भाऊ फौजेत आहे. त्यांच्या पोस्टवरची कुत्री बर्फात झोपतात म्हणतो. मग आमच्याच कुत्र्याचे एवढे लाड का?

आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, घरटी कुणी ना कुणी वर्दीत गेलेलं. त्यामुळे हा प्रश्न हक्कानं येतो आणि भाऊ सांगतो ते खरंच आहे. पण ती कुत्री तिथलीच. दिवस लहान व्हायला लागले, गारठा वाढला की आठवड्यागणिक त्यांच्या अंगावर दाट केस चढतात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्यांचं शरीर तयार होत असतं. आपलं कुत्रं कोल्हापूरच्या हिवाळ्यातून, जिथं पहाटेचा पारा चौदा-पंधरापर्यंत उतरला की आपण शेकोटी करतो, दोन-तीन दिवसांत शून्याखाली पोचतं. त्याच्या केसांना तयारीला वेळच मिळालेला नसतो.

फौजेची स्वतःची श्वानं तर आणखी वेगळी. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात ती घडवली जातात, प्रत्येकामागे त्याचा जवान असतो, खाणं मापून, निवारा ठरलेला. हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांची कुत्रीही अशीच, पिढ्यान्‌पिढ्या थंडीत निवडली गेलेली. आपल्याकडे धनगरांच्या कळपामागं चालणारं कुत्रं उन्हाला आणि माळाला जसं सरावलेलं असतं, तसंच ते.

१५. एवढं लांब नेलं, आणि तो खेळतच नाही. नुसता मांडीवर चढतो. काय करावं?

मांडीवर घ्या. त्याला बर्फ आवडला नाही, एवढंच. काही कुत्र्यांना रंकाळ्याच्या काठी तासन्‌तास हुंगत फिरायला आवडतं आणि पावसात अंगणातही पाऊल टाकवत नाही. त्यांच्यात बिघाड काही नसतो. बर्फाखाली वास दबतात, आणि ज्याचं सगळं जग नाकातून चालतं त्याला ती पांढरी जमीन मुकी वाटत असेल. बर्फ झाडून काढलेल्या पायवाटेवर फिरवा, उन्हात बसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारा, नाही म्हणाला तर विषय संपला.

१६. पट्टा सोडून मोकळं खेळू द्यावं का?

कुंपण घातलेली जागा असेल तरच. बाकी ठिकाणी लांब दोरी लावा. नेहमीच्या वासाच्या खुणा बर्फाखाली गेल्यामुळे घरी हाक मारताच येणारं कुत्रंही तिथं वाट चुकतं. ताज्या बर्फाखाली दरड कुठे संपते, नाला कुठे सुरू होतो हे दिसत नाही. गोठलेल्या पाण्यावर तर दोरीसकटही नाही. गळ्यात तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

आणि अंधार पडायच्या आत आत घ्या. हिमाचलात बिबट्या वस्तीजवळ येतो आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालतात ते याच कारणासाठी. रात्रीची शीसुद्धा दोरीवर, दिव्याखाली, माणसासोबत.

१७. परत आल्यावर नाक गुलाबी पडलं / शेपूट लुळी पडली / डोळे लाल झाले. हे काय?

तीन वेगळ्या गोष्टी. लॅब, गोल्डन, हस्की यांच्या काळ्या नाकाचा मधला भाग थंडीच्या दिवसांत फिका पडतो. दुखत नाही, सहसा उन्हाळ्यात रंग परत येतो. नाकावर खपल्या किंवा जखम असेल तर मात्र दाखवा.

शेपूट बुडापासून थोडी आडवी आणि पुढे लुळी लटकत असेल, हात लावल्यावर कुत्रं कळवळत असेल, तर तो शेपटीच्या स्नायूंवर आलेला ताण असतो. लॅब्राडोरमध्ये गार पाण्यात पोहल्यावर किंवा फार दमल्यावर हे दिसतं. विश्रांतीनं काही दिवसांत बरं होतं, पण हाड मोडलेलं नाही ना याची खात्री डॉक्टरांनीच करावी.

डोळ्यांकडे जास्त लक्ष द्या. उंचावर अतिनील किरणं तीव्र, त्यात बर्फावरून ती परावर्तित होतात. जर्मन शेफर्डला बुबुळावर पडदा चढण्याचा जो आजार होतो, तो अशा उजेडात वाढतो. ज्याला तो आधीच आहे त्याला नेऊ नका.

१८. चार महिन्यांचं पिल्लू आहे, आणि घरात एक अकरा वर्षांची म्हातारीही आहे. दोघांना नेऊ का?

पिल्लाच्या लसी पूर्ण होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय नको. लहान शरीर ऊब धरून ठेवू शकत नाही. म्हातारीचे सांधे थंडीत आखडतात आणि निसरड्यावर पाय फाकला तर ती महिनाभर अंथरुणाला खिळेल. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, कुत्री गाभण असेल, तर उत्तर नाही असंच आहे.

१९. हॉटेलच्या खोलीत काय सांभाळायचं?

अंगीठी किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाचा आणि कुत्र्याचा, दोघांचाही जीव घेतो. हीटरपासून अंथरूण लांब ठेवा, अंथरुणाखाली जाड सतरंजी घाला, आणि कुत्र्याला बंद गाडीत रात्रभर ठेवायचा विचारही करू नका. बुकिंग करतानाच कुत्रं आहे हे सांगा. दारात जाऊन वाद घालण्यात त्याचे हाल होतात.

२०. हे सगळं वाचून हस्की घ्यावासा वाटतोय. कोल्हापुरात राहील का?

राहील, पण सुखानं राहणार नाही. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावर गाडी ओढायला घडवलेलं हे जनावर. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचा पारा अडतीस-चाळिशीला टेकतो, तेव्हा ते दिवसभर फरशीवर पसरून धापा टाकतं. जून ते सप्टेंबर ओल जात नाही, त्या दाट केसांत बुरशी आणि चामडीचे रोग होतात. केस काढून टाकावेत म्हणाल तर तेही चूक, कारण तेच केस ऊन अडवतात. चोवीस तास एसी लावू म्हणणाऱ्या घरांतही लाइट जाते. वर या कुत्र्याला पळायला रोज काही किलोमीटर लागतात.

कृपा करून घेऊ नका. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पहाटे साडेपाचला आणि रात्री फिरवा, दुपारी बाहेर काढू नका. नवं कुत्रं हवंच असेल तर आपल्या मातीतलं घ्या. गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू या हवेला जन्मापासून तयार आहे.

२१. लांब जाणं जमणार नाही. इथंच बर्फाचा खेळ देता येईल का?

येईल, आणि बहुतेक कुत्र्यांना तेवढंच पुरतं. उन्हाळ्यात एखाद्या घमेल्यात पाणी भरून त्यात आवडती खेळणी आणि काकडीचे तुकडे टाकून फ्रीजरमध्ये गोठवा. संध्याकाळी अंगणात उलटा केलेला तो गड्डा चाटण्यात, ढकलण्यात, पंजानं फिरवण्यात त्याचा अर्धा तास मजेत जातो. बिया काढलेलं कलिंगड, बिनमिठाचं पातळ ताक हेही गोठवून चालतं.

मटणाचं पाणी गोठवताना मात्र सांभाळा. तांबडा-पांढरा तर नाहीच, पण घरात आपण ज्याला अळणी म्हणतो त्यातही आलं-लसूण आणि कांदा असतो. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यासाठी नुसत्या पाण्यात उकडलेलं वेगळं काढा. टणक खडे चावायला देऊ नका, दात तुटतात. त्याऐवजी बर्फ चुरून द्या. बर्फाच्या कारखान्यातली लादी आणायचीच असेल तर निळसर बर्फ घेऊ नका. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात आपल्या राज्यात निळा रंग घालतात.

गार पाण्यानं किंवा बर्फानं पोट फुगून पिळा पडतो असं पसरलं आहे. बर्फाचा त्याच्याशी संबंध नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्यांनी घाईघाईनं ढसाढसा खाणं-पिणं हे त्यातलं एक कारण आहे. आणि उन्हानं कोसळलेल्या कुत्र्याला मात्र बर्फात ठेवू नका. नळाचं साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.

२२. सहलीहून परत आल्यावर काय तपासायचं?

पंजाच्या गाद्या भेगाळल्यात का, बोटांच्या बेचक्यांत लाली आहे का, कानाच्या टोकांची कातडी काळवंडली आहे का. हिमदंशाची जागा कधी कधी काही दिवसांनी काळी पडते, म्हणून आठवडाभर रोज बघा. वाटेत धाब्यांवर, मुक्कामांवर गोचिडी लागलेल्या असू शकतात, तेव्हा कानांत, काखेत आणि बोटांमध्ये बोटं फिरवून बघा. पंधरा-वीस दिवसांत ताप, हिरड्या फिक्या, लघवी गडद, खाणं बंद असं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या आणि प्रवास कुठे कुठे झाला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आल्या आल्या आंघोळ नको. दोन दिवस घरच्या अंथरुणावर भरपूर झोपू द्या, मग नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्यानं फिरवायला सुरुवात करा.